न विचारता

द्वारकाबाई सोमण यांच्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे. ती मी एकदा लेखी दिली होती, इंग्रजीत, दुकानातल्या सगळ्यात चांगल्या टाइपरायटरवर स्वतः टाइप करून. तिच्यातला शब्दन् शब्द खरा होता. फक्त ती अर्धी होती. उरलेली अर्धी आज लिहितो आहे. ती दोन माणसांपासून लपवायची होती. त्यांतली एक, माझी बायको कुसुम, आता राहिली नाही. आणि दुसऱ्या, म्हणजे खुद्द द्वारकाबाई, त्यांच्यापासून ती कधी लपलेलीच नव्हती.

कलकत्त्यातल्या मराठी घरांत त्या काळी बाळंतपण म्हटलं की द्वारकाबाईंचं नाव निघे. एका मोठ्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात त्या नर्स होत्या आणि सुटीच्या दिवशी आपल्या लोकांच्या घरी जाऊन बाळंतपणं करीत. बालविधवा. पुण्याला नर्सिंग शिकल्या, कुणाच्या तरी ओळखीनं इकडं आल्या. एवढंच मला ठाऊक. उंच, हडकुळ्या, पांढरं लुगडं, हातात पुरुषी काळी छत्री. बारा महिने छत्री. इस्पितळातले बंगाली लोक त्यांना 'शोमोन दिदी' म्हणत आणि जरा बिचकूनच असत.

त्यांची एक सवय सगळ्यांना माहीत होती. बाळाला हात लावण्याआधी त्या दोन्ही हात स्वतःच्या काखेत धरून उभ्या राहत. घड्याळात बघून नव्हे, पण चांगला वेळ. घरात बाळंतीण विव्हळत असो, सासू ओरडत असो, बाई आपल्या हाताची घडी घातल्यासारख्या शांत उभ्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, ही काय गंमत बघत उभी राहिलीय? विचारलं तर म्हणत, "नऊ महिने उबेत राहून आलंय. पहिला हात गार लागला तर त्याला वाटेल, कुठं आलो."

मग तो हात बाळाच्या पोटावर. डोकं नाही, हातपाय नाही, आधी पोट. थोड्या वेळानं पोटाला कान. "बोलतंय," असं म्हणाल्या की घरचे हसत. आणि त्यानंतर त्यांचा तो प्रसिद्ध नियम सुरू होई. बाळाला पहिली काळी शी झाल्याशिवाय पेढे वाटायचे नाहीत, तार करायची नाही, कुणाला 'मुलगा झाला' म्हणून सांगायचंसुद्धा नाही. डांबरासारखी ती चिकट शी फडक्यावर पडली की त्या फडकं खिडकीशी नेऊन उजेडात धरत आणि सोनार दागिना पारखतो तशी पारखून म्हणत, "रस्ता मोकळा आहे. वाटा."

रेल्वेतल्या एका मराठी साहेबांच्या सासूबाई या नियमावर भडकल्याचा किस्सा इथल्या मराठी मंडळात सगळे सांगत. मुलगा झाला म्हणून त्यांनी पेढ्यांचं ताट शेजारी पाठवलं. द्वारकाबाईंनी जिन्यात गाठून ते गड्याच्या हातून काढून घेतलं आणि बाळंतिणीच्या खाटेखाली सरकवून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "शीसाठी पेढे अडवून ठेवणारी बाई मी जन्मात बघितली नाही!"

"मी बघितलीत," द्वारकाबाई म्हणाल्या, "पेढे वाटून झाल्यावर घरोघर जाऊन उलटं सांगावं लागणारी माणसं."

त्या वेळी मीही हसलो होतो.

माझं म्हणाल तर मी साताऱ्याकडून सतराव्या वर्षी इथं आलो. एस्प्लनेडच्या एका गल्लीत मोडके टाइपरायटर विकत घेऊन, दुरुस्त करून, ते विकायचा धंदा उभा केला. कुणी हात दिला नाही. जे शिकलो ते घासाघीस करून शिकलो, आणि त्यातला पहिला धडा असा, की समोरचा पहिल्यांदा जे मागतो ते खरं धरायचं नाही. तो वाढवूनच सांगतो. निम्म्यावर यायचं आणि मग बसून बोलायचं. या एका नियमावर मी बालीगंजात दोन खोल्या घेतल्या, लग्न केलं. रागाचा पारा लवकर चढायचा, त्याचाही धंद्यात उपयोगच झाला.

कुसुमला दिवस गेले तेव्हा मी द्वारकाबाईंशीसुद्धा फीसाठी घासाघीस करायला गेलो. त्यांची फी ठरलेली, वर एक नारळ. मी म्हटलं, "बाई, आपल्यातल्या माणसाला काही कमी?"

"करते की," त्या म्हणाल्या. "कोणतं काम नको ते सांगा. नाळ कापू नको? की पुसून देऊ नको?"

आयुष्यात फार थोड्या लोकांसमोर मी गप्प बसलो आहे. त्यांत या बाई दोनदा.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. माघ महिना होता. कुसुम पहाटे अडली आणि उजाडताना सुटली. मुलगा. रडला, पण आवाज दाबल्यासारखा. मी बाहेरच्या खोलीत होतो. दार उघडं होतं म्हणून दिसलं, द्वारकाबाई काखेत हात धरून उभ्या राहिल्या, मग वाकल्या आणि त्यांनी हात ठेवला. ठेवला तो उचललाच नाही. नंतर कान लावला. मी वाट बघत होतो, बोलतंय म्हणतील. त्या काहीच बोलल्या नाहीत.

मी आत गेलो. बाळाचं पोट ताणलेल्या डग्ग्यासारखं, चकाकत होतं. त्यावरच्या निळ्या शिरा दिसत होत्या. हातपाय बारीक आणि पोट एवढं. श्वास वरच्या वर चालला होता.

"इस्पितळात न्यायचं," त्या म्हणाल्या. "आत्ता. मी खाली औषधाच्या दुकानातून फोन करते, टॅक्सी आणते. पाटणकर, नीट ऐका. त्याच्या तोंडात काही घालायचं नाही. पाणी नाही, मध नाही, आईचं दूध नाही. काही म्हणजे काही नाही."

"झालंय काय?"

"आतड्याला काहीतरी आहे. मोठ्या डॉक्टरला बघू दे."

त्या गेल्या. कुसुम ग्लानीत होती. बाळ माझ्यापुढं होतं.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या आईनं गावाहून पार्सल पाठवलं होतं. सहाण, वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बाळगुटीचं सगळं सामान, आणि लाखेनं तोंड बंद केलेली एरंडेलाची बाटली. सोबत धाकट्या भावाच्या हातची चिठ्ठी: 'जन्मल्यावर मधातून दोन थेंब एरंडेल चाटवणे, पोट साफ होते, तुम्हा सर्वांना दिले आहे.' आम्ही सहा भावंडं त्या दोन थेंबांवर जगलो होतो. पोट फुगलंय म्हणजे साफ व्हायला हवं, हे कुणालाही कळेल. आणि इस्पितळ? इस्पितळ ही द्वारकाबाईंची पहिली मागणी आहे, असं मी धरलं. वाढवून सांगितलेली. मला वाटलं, टॅक्सी येईपर्यंत शी झाली तर बाई फडकं खिडकीत धरतील, म्हणतील रस्ता मोकळा आहे, आणि विषय निम्म्यावर मिटेल.

मी लाख फोडली. बोट बुडवून त्याच्या ओठांत घातलं. त्यानं चोखलं. एकदा नाही, तीनदा.

टॅक्सीत बाळ त्यांच्या मांडीवर होतं. रासबिहारी रस्त्याच्या वळणावर त्यानं ओकारी काढली. हिरवीगार, आणि वर तेलाचा तवंग. द्वारकाबाईंनी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं. मग पदर नाकाशी नेला.

"तोंडात काही दिलंत?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पदराचा तो भाग आत दुमडून घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

इस्पितळाचा व्हरांडा पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी भरलेला होता. चटयांवर माणसं, ट्रंका, पोरं. त्यांतून वाट काढत बाई पुढं आणि मी मागं. सर्जन तरुण बंगाली होता, डोळ्यांखाली काळं. त्यानं पोट ठोकून बघितलं, बोटानं दाबून बघितलं. मग म्हणाला, आतडं कुठंतरी बंद आहे, बहुतेक फुटलंय, पोट उघडून बघावं लागेल. एवढ्या लहान जिवाला भूल देणं हेच मोठं धाडस आहे. आज सलाईन देऊन जरा सावरू दे, उद्या सकाळी घेतो.

मी हिंदीत विचारलं, "रुपयात किती आणे आशा?"

त्याला असे प्रश्न ऐकायची सवय असावी. "दो आना."

"चार तरी म्हणा."

द्वारकाबाईंनी माझी बाही ओढली. "पाटणकर, इथं भाव होत नाही."

ती रात्र त्यांनी बाळापाशी काढली. त्यांच्या कामाची पाळी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी, शस्त्रक्रियेची तयारी चालू असताना, त्याचा श्वास थांबला. जन्मापासून एक दिवस आणि काही तास. त्याला शी झालीच नाही.

मला सांगण्यात आलं, कागदपत्रांना वेळ लागेल, दुपारी या. दुपारी आलो तेव्हा पांढऱ्या कापडात घट्ट गुंडाळलेलं गाठोडं हातात मिळालं. द्वारकाबाईंनीच आणून दिलं. म्हणाल्या, "उघडून बघू नका." मी उघडलं नाही. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. मी, माझा एक शेजारी आणि एक डोंब, तिघांनी पुरलं. गाठोडं हलकं होतं. त्याचं पोट आता तसं फुगलेलं नव्हतं, हे हाताला कळलं होतं, पण डोक्यात शिरलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी द्वारकाबाई दुकानात आल्या. तिथं त्या कधी आलेल्या नव्हत्या. मी एका यंत्राचा रोलर काढून बसलो होतो. त्यांनी छत्री काउंटरला टेकवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

"तुमच्या तेलानं नाही झालं, पाटणकर."

मी रोलर खाली ठेवला.

"आतडं पिळा पडून एका जागी बंद झालं होतं. जन्माच्या किती तरी आधी, कुसुमच्या पोटात असतानाच. बंद जागेच्या वर फुगलं आणि फुटलं. ती काळी शी सगळी आतड्याबाहेर पोटात पसरली. आईच्या पोटात असेपर्यंत बाळाला त्याचं फार काही होत नाही, कारण तिथं त्याला खायचं नसतं, श्वास घ्यायचा नसतो, सगळं आई करते. बाहेर आल्यावर सगळं त्याच्यावर पडतं. तुमचं तेल जठरातच होतं. खाली उतरलंच नव्हतं."

"हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. खरं तर मला तेव्हाच कळलं होतं.

"बघितलं. पोटात चुन्याचे दाणे धरले होते. किटलीच्या तळाला पांढरं धरतं ना, तसं. ते एका दिवसात धरत नाही. आठवडे लागतात."

"माझ्या पोराला चिरलंत?"

"हो. सर्जननं."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. मी त्याला सांगितलं, वडिलांची हरकत नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण समोरचा पानवाला येऊन दारात उभा राहिला. मी त्यांना 'बाहेर हो' म्हटलं, एकेरीत. टाके घातलेलं माझं पोर मी माझ्या हातानं मातीत ठेवलं आणि मला माहीत नव्हतं, हे मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि मग जन्मभर ती बाटली बघत बसला असतात." छत्री उचलली आणि गेल्या.

त्याच आठवड्यात मी तक्रार टाइप केली. मृताच्या वडिलांची परवानगी न घेता, परवानगी आहे असं खोटं सांगून, शवविच्छेदन करवलं. खरं होतं. कार्बन घालून तीन प्रती काढल्या.

चौकशीला मला बोलावलं. लांब टेबल, पलीकडे सुपरिंटेंडेंट साहेब, मेट्रन आणि एक कारकून. सर्जननं सांगितलं, मला परवानगी आहे असं कळवण्यात आलं होतं. द्वारकाबाई म्हणाल्या, "मी खोटं सांगितलं." साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "सिस्टर, इतक्या वर्षांची तुमची नोकरी. काहीतरी कारण असेल. सांगा. मला ते लिहून घेता येईल."

मी भिंतीलगतच्या बाकावर बसलो होतो. कारण त्यांच्यापाशी होतं. 'वडिलांनी मनाई असताना एरंडेल पाजलं होतं, आणि त्या तेलानं मूल मेलं की नाही हे त्या वडिलांसाठीच जाणून घ्यायचं होतं.' एवढं एक वाक्य. सुटल्या असत्या. फार तर ताकीद मिळाली असती. आणि ते वाक्य कारकुनाच्या वहीतून मंडळात, मंडळातून कुसुमच्या कानावर गेलं असतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. वरच्या पंख्याकडे बघितलं.

"मला बघायचं होतं," त्या म्हणाल्या. "बस्स."

त्यांची नोकरी गेली. नोकरीबरोबर राहण्याची खोलीही गेली. हे मला मंडळातल्या लोकांकडून कळलं, आणि सांगणारा प्रत्येक जण सांगून झाल्यावर माझ्याकडे असा बघे, की मी काही तरी म्हणावं. मी म्हणे, "विचारायला हवं होतं." आजही म्हणतो. बाप होतो मी.

घरात मात्र वेगळंच झालं. कुसुमनं स्वतःलाच दोषी धरलं होतं. सातव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं आणि तिनं विसरून त्या वेळात दुधी चिरला होता. त्या सुरीनंच बाळाचं आतडं कापलं गेलं, असं तिच्या मनानं घेतलं. जेवायची नाही, सुरीला हात लावायची नाही. एके दिवशी घरी आलो तर खाली बसून वांगी चिरत होती.

"द्वारकाबाई येऊन गेल्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, ते आपोआप झालं. पीळ पडतो, कुणाच्या सुरीनं नाही आणि कुणाच्या हातानंही नाही. त्यांनी बघितलंय म्हणे."

"बघितलंय म्हणजे काय ते सांगितलं का तुला?"

"सांगितलं. चिरून बघितलं." वांग्याची फोड पाण्यात टाकत ती म्हणाली, "बरं केलं त्यांनी."

मी आल्या पावली बाहेर निघून गेलो.

दोन वर्षांनी मंडळाच्या गणपतीत एका बँकेतल्या साहेबांचा छोकरा गच्चीवरच्या मांडवात धावत होता. त्याची आई बायकांत सांगत होती, की हा जन्मला तेव्हा पोट जरा टम्म होतं. द्वारकाबाईंनी लगेच मोठ्या डॉक्टरकडे धाडलं. एक्स-रेत पांढरे ठिपके दिसले. याचंही आतडं म्हणे पोटात असतानाच फुटलं होतं, पण भोक आपलं आपण बुजलं, ठिपके तेवढे राहिले. तिला ते कौतुकाचं वाटत होतं. पोरगा आरतीच्या टाळांशी खेळत होता. मला तिथं उभं राहवेना.

जिन्यात द्वारकाबाई भेटल्या. त्या वेळी भवानीपुरात एका बंगाली कुटुंबाकडे खोली घेऊन राहत, घरोघर इंजेक्शनं देत, बाळंतपणं करीत. दोन वर्षांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

"त्याचं बुजलं," मी म्हटलं. "माझ्याचं का नाही?"

"माहीत नाही."

"इतकं चिरून बघितलंत, आणि माहीत नाही?"

"कसं झालं ते दिसतं, पाटणकर," त्या म्हणाल्या. "का झालं ते चिरून दिसत नाही. मी शोधलं."

त्या वर आरतीला गेल्या, मी घरी आलो.

पुढल्या वर्षी कुसुमला पुन्हा दिवस गेले. सातवा लागला तेव्हा तिनं एकच सांगितलं, "द्वारकाबाई असतील तर. नाही तर मी गावी जाते." मी नर्सिंग होमचं नाव काढलं, डॉक्टरीणबाईचं नाव काढलं. तिच्याशी घासाघीस कधी चालली नाही.

भवानीपुरातली ती खोली जिन्याखाली होती. वाकून आत जावं लागे. एक खाट, एक स्टोव्ह, उकळून ठेवलेल्या सुयांचा डबा. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवलं होतं. आत गेलो आणि तोंडातून निघालं, "तुमची फी काय आहे आता?"

"तीच. आणि नारळ."

"ठीक."

"आणि एक अट आहे," त्या म्हणाल्या. "विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. तुम्ही त्या खोलीत हजर राहायचं. बाहेर नाही."

"पुरुष माणूस बाळंतिणीच्या खोलीत?"

"पडदा लावू. पण तुम्ही आत."

मी कबूल झालो. पहिल्याच मागणीला.

पौषात, भर दुपारी, मुलगी झाली. खणखणीत रडली. पडदा बाजूला सारून द्वारकाबाईंनी मला जवळ बोलावलं. मग काखेत हात धरून उभ्या राहिल्या. त्या तीन-चार वर्षांत त्यांचे केस पार पांढरे झाले होते, हे मला तेव्हा दिसलं.

"पोटावर हात ठेवू?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांगा."

"ठेवा."

त्यांनी ठेवला. कुसुम खाटेवरून बघत होती.

"कान लावू?"

"लावा."

थोड्या वेळानं मान वर करून त्या म्हणाल्या, "बोलतंय." तरी त्यांचं संपलं नव्हतं. त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. दुकानातल्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा.

"तोंडात काही दिलंत?"

टॅक्सीतलेच शब्द. तोच आवाज. कुसुम ऐकत होती, आणि तरी मी म्हणालो, "बाई, त्या वेळी मी..."

"पाटणकर," त्यांनी मधेच तोडलं, "मी आजचं विचारतेय."

"नाही," मी म्हटलं. "आज काही दिलं नाही."

"मग झालं."

दुसऱ्यांदा गप्प बसलो तो तेव्हा.

त्यानंतर वाट बघणं. त्या पाळण्याशी बसल्या, मी भिंतीला टेकून. खाली फेरीवाले ओरडत गेले, शेजारणीनं चहा आणून दिला, तो निवला. चार वाजायच्या सुमारास त्यांनी दुपटं काढलं आणि फडकं खिडकीशी नेलं. काळीकुट्ट, चिकट. उन्हात ते फडकं धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. इतका वेळ लागत नाही ते बघायला. मग त्यांनी ते मला दाखवलं.

"वाटा पेढे," त्या म्हणाल्या.

पेढे घरात आणून ठेवले होते. मी पुडा सोडायला लागलो, पण दोऱ्याची गाठ सुटेना. तोवर त्यांनी पिशवी भरली, छत्री घेतली, कुसुमच्या कपाळावरून हात फिरवला. पुडा तसाच पुढं केला तर म्हणाल्या, "आधी तिच्या आईला." आणि दाराशी जाऊन थांबल्या. आपल्याकडे निघताना सगळेच विचारतात तसं विचारलं, "येऊ का?"

विचारून नेहमीसारख्या वळल्या नाहीत. दिवसभर थांबत होत्या तशा उत्तरासाठी थांबल्या. मला त्यांना थांबवायचं होतं. ती लेखी तक्रार, ती चौकशी, तो पंखा, सगळं ओठांपर्यंत आलं होतं. निदान बसा, चहा घ्या, एवढं तरी.

"या," मी म्हटलं.

पुढं सहा महिन्यांत त्या जबलपूरला भाचीकडे गेल्या असं कळलं. नंतर तिथंच वारल्या असंही कळलं. मी पत्र टाकलं नाही. माझी तक्रार अजून आहे. त्यांनी मला विचारायला हवं होतं. मी नाही म्हणालो असतो, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक आहे. तरी विचारायला हवं होतं.

मुलगी झाली त्या दिवशी, बाई जिना उतरल्यावर, मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, हातात न सुटलेला पुडा. खाली द्वारकाबाई ट्रामच्या थांब्यावर उभ्या होत्या. ऊन उतरलं होतं, गारठा पडला होता. छत्री कोपरात अडकवलेली, आणि दोन्ही हात काखेत धरलेले, जशा त्या बाळापुढं उभ्या राहत तशा. समोर कुणी नव्हतं. ट्राम आली तेव्हा दांडी धरायला त्यांनी एकच हात बाहेर काढला. दुसरा तसाच उबेत ठेवला.